पैलवानाची वाटी

आमच्या कुत्र्याचं नाव पैलवान. वजन चार किलो सहाशे ग्रॅम. नाव ठेवलं तेव्हा तो माझ्या बुटात मावत होता आणि मोठा झाल्यावर नावाला जागेल अशी सगळ्यांची समजूत होती. तो जागला, पण फक्त रात्री.

हा पैलवान एका सकाळी चालता चालता मागचा डावा पाय उचलून तीन पावलं लंगडी घालत गेला. मग पाय मागे ताणला, झटकला आणि काही झालंच नाही अशा थाटात पुढे निघाला. मी हाक मारली. त्याने वळून असं पाहिलं की हाक मारल्याबद्दल मलाच ओशाळल्यासारखं झालं.

काटा टोचला असेल म्हणून चष्मा लावून चारही तळवे तपासले. काटा नव्हता. मग मी माझ्या अधिकारात निदान केलं : पाय मुरगळलाय. मागच्या पायाला मध्ये जो उलटा कोन दिसतो तोच गुडघा असं धरून मी तिथे दोन आठवडे मन लावून मालीश केलं. त्याला ते फार आवडलं. सातव्या दिवसापासून तर ठरलेल्या वेळी तो स्वतःच येऊन पाय पुढे करू लागला. लंगडी मात्र होती तशीच.

शेवटी डॉक्टरांकडे गेलो. तो सांधा बोटाने दाखवून मी म्हणालो, "हा गुडघा दुखतोय."

डॉक्टर म्हणाल्या, "हा घोटा आहे."

कुत्री बोटांवर चालतात, त्यामुळे त्यांची टाच हवेत राहते आणि आपल्याला वाटतं की गुडघा उलटा वाकलाय. खरा गुडघा असतो वर, पोटाजवळ, केसांत दडलेला. म्हणजे चौदा दिवस मी चुकीच्या पत्त्यावर मनीऑर्डर करत होतो आणि तिथला माणूस आनंदाने सही करून घेत होता.

"जरा चालवून दाखवा," डॉक्टर म्हणाल्या. पैलवान चालला. असा चालला, की त्याला बघून इतरांनी चालायला शिकावं. पुन्हा चालवला, पळवला, वळवला. एक पाऊल चुकेल तर शपथ. माझीच चाल संशयास्पद दिसायला लागली. शेवटी न राहवून मी, "हो पण घरी तो असं करतो," म्हणत एक पाय उचलून त्या खोलीतून लंगडी घालत गेलो आणि टोकाला पोचल्यावर पाय मागे ताणून झटकला. दार उघडं होतं. बाहेर बसलेल्या दोन कुत्र्यांनी आणि त्यांच्या मालकांनी ते पाहिलं.

"हा जो शेवटी पाय झटकलात, तसं तोही करतो?"

"अगदी असंच."

"मग वाटी असणार."

त्यांनी त्याला टेबलावर आडवा केला, एका हाताने नडगी धरून जराशी आत फिरवली आणि दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने केसांतला तो खरा गुडघा हलकेच आत दाबला. टक्. अंगठा काढून पाय सरळ केला. पुन्हा टक्. पेनाचं झाकण लागावं एवढाच आवाज. माझ्या पोटात गोळा आला. पैलवानाने जांभई दिली.

घरी येऊन आईला फोन केला. "आई, पैलवानाची वाटी सरकते."

"अरे मग खाली रबर लाव की. एवढ्यासाठी डॉक्टरकडे कशाला गेलास?"

"आई, गुडघ्याची वाटी."

"गुडघ्याने ढकलतो? मग तर चांगलं जाड लाव."

मी नाद सोडला.

प्रकरण असं असतं. मांडीच्या हाडाच्या खालच्या टोकाला एक खाच असते आणि पडद्याची कडी रुळात फिरावी तशी वाटी त्या खाचेत वरखाली सरकते. लहान जातीच्या कुत्र्यांमध्ये बरेचदा ही खाच उथळ असते, किंवा नडगीवर जिथे वाटीचा स्नायुबंध बांधलेला असतो तो उंचवटाच आत वळलेला असतो. मग वाटी रूळ सोडून आतल्या बाजूला उतरते, पाय अडकतो, कुत्रा तो उचलतो, झटकतो, वाटी रुळावर येते आणि गाडी पुढे. पॉमेरेनियन, चिवावा, यॉर्कशायर टेरियर ही या दुखण्याची नेहमीची गिऱ्हाइकं. पैलवान अर्धा पॉमेरेनियन आहे. उरलेला अर्धा कोण, याबद्दल घरात मतभेद आहेत. अक्कल गुडघ्यात असते म्हणतात. तसं असेल तर पैलवानाची अक्कल दिवसातून पाच-सहा वेळा जागा सोडत होती आणि आम्हाला फरक कळला नव्हता.

या सरकण्याच्या चार ग्रेड आहेत. सिंगलटन नावाच्या पशुवैद्यांचा यावरचा लेख १९६९ सालचा, म्हणजे माणूस चंद्रावर उतरला त्याच वर्षीचा. सगळं जग वर बघत असताना हे गृहस्थ खाली वाकून कुत्र्यांचे गुडघे बघत होते. पहिल्या ग्रेडमध्ये वाटी दाबली तरच निसटते आणि सोडली की परत येते. दुसऱ्यात ती अधूनमधून आपली आपण निसटते. तिसऱ्यात बहुतेक वेळ बाहेरच असते, बसवली तरी पुन्हा उतरते. चौथ्यात ती बसवताच येत नाही. पहिलीला सहसा ऑपरेशन लागत नाही, तिसरी-चौथीला बहुधा लागतं. पैलवान कुठल्या ग्रेडमध्ये? दुसऱ्या.

"म्हणजे पास ना?" मुलीने विचारलं.

दुसरी ग्रेड म्हणजे 'बघू' या शब्दाचं वैद्यकीय रूप. आमच्या डॉक्टर म्हणाल्या, त्रास किती होतो ते बघू, दुसऱ्या ग्रेडच्या सगळ्यांनाच कापावं लागत नाही. खात्री करायला आम्ही एका शल्यविशारदांकडे गेलो. ते गुडघ्याला बाशिंग बांधूनच बसले होते, आमच्या कुत्र्याच्या. त्यांचं म्हणणं, वाटी दर वेळी खाचेच्या कडेवरून घासत जाते, हाडावरचं गुळगुळीत अस्तर, म्हणजे कूर्चा, झिजते, पुढे गुडघ्याची हाडं बांधून ठेवणारं लिगामेंट तुटायचा धोका वाढतो. वय कमी आहे तोवर उरकून घ्या. दोघांचंही पटत होतं, हीच अडचण. एक जण जरी उघडउघड चुकत असता तर केवढी सोय झाली असती!

ऑपरेशन म्हणजे काय तेही त्यांनी कागदावर काढून दाखवलं. खाच कोरून खोल करायची. नडगीचा तो उंचवटा कापून बाहेरच्या बाजूला सरकवायचा आणि पिना ठोकून बसवायचा. मग सांध्याचं सैल पडलेलं आवरण घट्ट शिवायचं. सुतारकाम आणि शिंपीकाम एकाच भेटीत. ते ऐकताना मी शांत होतो. पुढचं वाक्य आलं तेव्हा हललो : "नंतर सहा ते आठ आठवडे पळणं, उड्या, जिने पूर्ण बंद." ज्या प्राण्याला दाराची बेल वाजल्यावर आठ सेकंद शांत ठेवता येत नाही, त्याला आठ आठवडे! गळ्यात तो प्लास्टिकचा कर्णा घालून, दोरीला बांधून! आणि दुसऱ्या पायाचीही वाटी पुढेमागे सरकू शकते, हे त्यांनी आम्ही दारापाशी पोचल्यावर सांगितलं.

घरी वाद सुरू झाला. सकाळी बायको म्हणे, करून टाकू. दिवसभर विचार करून संध्याकाळी मी म्हणे, बरोबर आहे तुझं, करून टाकू. तोवर ती म्हणे, अहो, एवढ्याशा जिवाला कशाला कापायचं? रात्री मला ते पटे. सकाळी ती पुन्हा करून टाकायच्या बाजूला. महिनाभर आमचं एकमत झालं नाही, बाजू मात्र रोज बदलत राहिल्या. शेजारच्या काकांनी आपल्याच गुडघ्याची गोळी अर्धी करून द्यायचा तोडगा सुचवला. माणसांची वेदनाशामकं कुत्र्याच्या जिवावर बेतू शकतात. मी हात जोडले.

डॉक्टरांनी मग हिशेब मागितला. रोज किती वेळा पाय उचलतो, किती पावलं, लगेच सरळ चालतो की नाही. वही घातली. पहिल्याच दिवशी भांडण : सलग तीन पावलांची लंगडी एक धरायची की तीन? त्यानंतर डावा कुठला? कारण पैलवान समोरून येत असला की मुलगी स्वतःचा डावा लिहायची आणि मी त्याचा. पहिल्या आठवड्याच्या नोंदींनुसार आमचा कुत्रा कधी या तर कधी त्या पायाने अधू होता. शेरा या रकान्यात तिने दोनदा 'नाटक' असं लिहिलंय, आणि त्या दोन्ही नोंदी फिरून घरी परतायच्या वेळेच्या आहेत. व्हिडिओही हवा होता. मोबाइल हातात घेतला की तो पळत जवळ येई, त्यामुळे बेचाळीस व्हिडिओंपैकी चाळीस नाकाचे आहेत, एक माझ्या अंगठ्याचा. एकात लंगडी आहे. तो मी कुणाचा विरस न करता कितीही वेळा दाखवू शकतो असा माझा समज होता.

पाय चोरून वापरत असेल तर मांडीचा स्नायू बारीक होतो, म्हणून दर रविवारी टेपने मांड्याही मोजायच्या होत्या. पॉमेरेनियनची मांडी मोजणं म्हणजे कापसाचा घेर मोजणं. केस दाबून धरायला एक माणूस, टेपला एक, आणि पैलवानाने टेप खाऊ नये म्हणून एक.

महिन्याने वही, टेपचे आकडे आणि तो एक व्हिडिओ घेऊन गेलो. डॉक्टरांनी सगळं वाचलं, 'नाटक'सुद्धा. पाय पुन्हा टक् करून पाहिला. लंगडी दिवसातून चार-पाचदा, मग लगेच चाल सरळ. दाबल्यावर दुखत नाही. दोन्ही मांड्या सारख्या. "ऑपरेशन आत्ता नको," त्या म्हणाल्या. "ग्रेड वाढली, पाय टेकेनासाच झाला, तर त्याच दिवशी या. तोवर सहाशे ग्रॅम कमी करा." सहाशे ग्रॅम ऐकायला काहीच नाही, पण माणसाच्या हिशेबात ते दहा-अकरा किलो झाले. घरी त्याला कोण कोण गुपचूप भरवतं याची चौकशी केली तेव्हा चारही जणांनी, मी धरून, खाली पाहिलं.

"सोफ्यावरून उड्या बंद. दोरी लावून सावकाश चालणं. आणि घरात फरशी गुळगुळीत आहे?"

"आहे."

"मग वळताना पाय घसरून गुडघ्याला पीळ पडतो. खाली रबरी मॅट घाला."

मी काही बोललो नाही. वाटेत मॅट घेतल्या, घरभर अंथरल्या. पैलवान त्यांवर एक फेरी मारून आला, आडवा झाला आणि मालीशसाठी घोटा पुढे केला. तेवढ्यात फोन वाजला.

"काय म्हणाल्या डॉक्टर?"

"वजन कमी करायचं. उड्या बंद."

"आणि?"

"आणि... खाली रबर लावायचं."

पलीकडे बराच वेळ शांतता.

"सगळ्या कडांनी नीट चिकटव," आई म्हणाली, "नाहीतर एका बाजूने उचलली जाते वाटी."