दादरच्या कोठीतला मोबाईल

बहिणीचा धुळ्याहून फोन आला तेव्हा मी गच्चीवर उन्हाला पाठ देऊन शेंगा फोडत बसलो होतो. "दादा, दहावीची परीक्षा तोंडावर आली आणि पोराचं लक्ष पुस्तकात दहा मिनिटं टिकत नाही. महिनाभर तुझ्याकडे पाठवते. तुमचं घर शांत."

आमचं घर शांत आहे ही बातमी मला नवीन होती. पण मामाने माघार कशी घ्यावी? त्यातून आमचं गाव अमळनेर. इथल्या प्रताप हायस्कुलात साने गुरुजी १९२४ पासून सहा वर्षं शिकवत होते, छात्रालयातल्या पोरांच्या खोल्या स्वतः झाडत होते. म्हटलं, झाडणं काही आपल्याच्याने व्हायचं नाही, पण नजर ठेवू.

भाचा यायच्या आधी दोन रात्री जागून मी मुलांना मोबाईलपासून दूर कसं ठेवावं, हे वाचून काढलं. अर्थात मोबाईलवर. २०१७ साली अमेरिकेत झालेल्या एका प्रयोगात म्हणे असं निघालं, की फोन नुसता टेबलावर पडून असला, अगदी आवाज बंद करून पालथा असला, तरी डोक्याचा एक कोपरा त्याच्याकडे न बघण्यातच खर्च होतो. फोन दुसऱ्या खोलीत ठेवणाऱ्यांचं डोकं त्यातल्या त्यात बरं चाललं. भाचा पाया पडायला वाकला तसा मी त्याचा फोन काढून घेतला, मागच्या खोलीत गेलो आणि दादर म्हणजे आमच्याकडची ज्वारी, तिच्या कोठीत कोपरापर्यंत हात घालून तो पुरून आलो.

दुसरा उपाय इटलीचा. तिथल्या फ्रान्सेस्को सिरिलो नावाच्या कॉलेजकुमाराचंही १९८० च्या दशकाच्या अखेरीस असंच अभ्यासात लक्ष लागेना. त्याने स्वयंपाकघरातलं टोमॅटोच्या आकाराचं गजराचं घड्याळ उचललं आणि त्यावर वेळ लावून बसायला लागला. २५ मिनिटं काम, ५ मिनिटं सुट्टी, अशा चार फेऱ्या झाल्या की मोठी सुट्टी. पद्धतीचं नावच पडलं पोमोदोरो, म्हणजे टोमॅटो. गडी खानदेशात जन्मला असता तर त्याने वांगंच घेतलं असतं. त्यातली मला आवडलेली गोष्ट म्हणजे शेजारी ठेवायचा कागद. मध्येच काही आठवलं तर उठायचं नाही, कागदावर खूण करून पुढे चालायचं. अडथळा मनातून आला तर इंग्रजीत अक्षराच्या डोक्यावर देतात तसला बारीक स्वल्पविराम, बाहेरून आला तर आडवी रेघ.

तसलं घड्याळ अमळनेरच्या बाजारात मिळालं नाही, म्हणून मी माझ्याच मोबाईलवर २५ मिनिटं लावली. भाच्याने विज्ञानाचं पुस्तक उघडलं. धडा पहिला, गुरुत्वाकर्षण. मी समोर खुर्ची टाकून बसलो.

"पाणी हवंय?"

"नको मामा."

"पंखा लावू?"

"थंडी आहे मामा."

तेवढ्यात खिडकीतून आईचं डोकं. "काय करी राहिना रे पोऱ्या? चहा लेस का?" मी ओरडलो, "आई, त्याला बोलू नको, लक्ष विचलित होतं!" हे मी इतक्या मोठ्याने ओरडलो की समोरच्या घरातून एक जण बाहेर येऊन काय झालं म्हणून विचारून गेला. त्याला सगळं समजावून सांगावं लागलं. दारातच. टोमॅटोसकट.

परत येतो तर पुस्तक मिटलेलं. मी झडप घातली. "मिटलं का?"

"आठवेल तेवढं न बघता लिहितोय. नुसतं परत परत वाचण्यापेक्षा असं केलेलं जास्त दिवस लक्षात राहतं. सरांनी सांगितलंय."

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, म्हणून किती मिनिटं उरली ते बघायला मी मोबाईल उचलला. त्यात नातेवाइकांचा ग्रुप. ग्रुपमध्ये कापसाचे भाव. भावाखाली कुणाच्या तरी मळ्यातल्या भरीत पार्टीचा व्हिडिओ. तो बघता बघता मला खरोखरच वास यायला लागला. मोबाईल एवढा सुधारला की काय असं क्षणभर वाटलं, पण वास मागच्या अंगणातून येत होता.

मागे शेजाऱ्यांनी पऱ्हाट्यांचा जाळ केला होता. हिरवी लांबट वांगी त्यात पडली होती. साल काळी होऊन फुटत होती आणि फटीतून वाफ सूं सूं करत होती. सोललेला गर लाकडी बडगीत पडला, वर भाजलेल्या हिरव्या मिरच्या, लसूण, आणि धप धप धप सुरू. आता वाचनात असंही आलं होतं की एका कामातून उठून दुसऱ्यावर बसलं, की मनाचा थोडा भाग पहिल्याच कामात रेंगाळतो. मी खोलीत परतलो खरा, पण माझा बराचसा भाग बडगीतच राहिला होता. तिथून हाक आली, मीठ बघायला. पुन्हा गेलो. कांद्याची पात कमी वाटली, ती आणायला घरात आलो. दोनदा.

गजर कधी वाजून गेला कळलंच नाही. भाच्यानेच तो बंद केला होता आणि सुट्टी घेऊन तो पुढच्या फेरीला बसलाही होता. केप्लरचे तिन्ही नियम वहीत उतरलेले. शेजारी तो कागद. मी उचलून बघितला. एकाखाली एक आडव्या रेघा, सुरत-भुसावळ लाईनीचे स्लीपर दिसावेत तशा. प्रत्येक रेघेपुढे बारीक अक्षरात: मामा, मामा, आजी, मामा (ओरडले), मामा, मामा (पात), मामा (पात). मनातून आलेल्या अडथळ्याचा स्वल्पविराम सबंध कागदावर एकच होता. त्याच्यापुढे लिहिलं होतं: भरीत.

"मामा," भाचा अदबीने म्हणाला, "पुढच्या सुट्टीत जेवू. तोवर तुमचा मोबाईल द्या जरा."

मी दिला. तो उठला, मागच्या खोलीत गेला. कोठीचं झाकण उघडल्याचा आवाज आला. मग ज्वारीची सळसळ. बराच खोल हात घातला असावा त्याने.