म्हणे 'गोळ्या बदलून बघा'!

आज परत तेच झालं. शनिवारी सकाळी लवकर उठून शूटिंग रेंज गाठली, लेनचे तासाचे पैसे भरले, कानावर मफ चढवून उभा राहिलो आणि तिसऱ्याच गोळीला नुसतं 'टक्'. चाप ओढला, आतला ठोका देणारा हॅमर पडला, पण बार नाही. मग रायफल टार्गेटकडेच रोखून तशीच धरून ठेवायची, निदान अर्धा मिनिट, कारण कधीकधी गोळी उशिरा पेटते, आणि मग बोल्ट, म्हणजे गोळीमागचा सरकता दट्ट्या, ओढून ते काडतूस बाहेर काढायचं. पन्नासच्या डब्यात हे अकरा वेळा केलं. अकरा!! आणि ज्या पेटल्या त्यातल्या सात रिकाम्या पुंगळ्या बाहेर उडायच्या सोडून बोल्टच्या तोंडात उभ्याच्या उभ्या अडकून बसल्या. अर्धा तास मी गोळ्या कमी मारल्या आणि अडकलेली पितळं उपटत जास्त बसलो.

डोकं फिरलंय अक्षरशः, म्हणून लिहितोय.

रायफल कुठली, तर दुसऱ्या महायुद्धातल्या अमेरिकन एम-वन कार्बाइनची, म्हणजे आखूड हलक्या रायफलची, पॉइंट टू-टू (०.२२ इंची छोट्या गोळीची) रेप्लिका. इथे टेक्सासला आल्यापासून मनात होतं. शाळेत आठवी-नववीला एनसीसीत होतो, कॅम्पला पोटावर झोपून पॉइंट टू-टूच्या डिलक्स रायफलवर पाच गोळ्या मारल्या होत्या, तो वास अजून नाकात आहे. ती रायफल कितीतरी बॅचच्या पोरांनी हाताळलेली, दस्त्याचं पॉलिश पार गेलेलं, पण उस्तादांनी 'फायर' म्हटलं की बार व्हायचा म्हणजे व्हायचाच. आणि ही माझी कोरी करकरीत, लाकूड सुंदर, हातात घेतली की सोडवत नाही, आणि चालत नाही.

कंपनीला फोन केला. पहिलं वाक्य काय, तर गोळ्या बदलून बघा. बदलल्या. चार प्रकारच्या आणल्या, ४० ग्रेन वजनाच्या हाय व्हेलॉसिटी, सेकंदाला १२०० फुटांच्या वर जाणाऱ्या, त्यांनी सांगितल्या तशाच. तरी टक्. मग म्हणे नवीन आहे, पाचशे गोळ्या मारा, मोकळी होईल. अहो पण पाचशे गोळ्यांचे पैसे कोण देणार? मी रायफल विकत घेतलीये ना, का तुमच्या कारखान्यातलं टेस्टिंगचं काम अंगावर घेतलंय?

पॉइंट टू-टूच्या काडतुसाला मध्यभागी वेगळी टोपी नसते, पेटणारा मसाला बुडाच्या कडेत भरलेला असतो, आणि बोल्टमधल्या फायरिंग पिनने ती कड चेंबरच्या, म्हणजे नळीत गोळी बसते त्या जागेच्या, काठावर चेपली तरच तो पेटतो. कधीकधी मसाला कडेत सगळीकडे सारखा पसरलेला नसतो हे मला मान्य आहे, शंभरात एखादी फुसकी निघते, ते मी समजू शकतो. पण पन्नासात अकरा?

बाजूच्या लेनला माझा सातारचा मित्र होता, त्याच्याकडे जुनी बोल्ट अॅक्शन टू-टू आहे, प्रत्येक गोळीला हाताने बोल्ट ओढायची. म्हणाला, "अरे दे इकडे त्या अकरा." अकरातल्या दहा फटाफट उडाल्या. आता कोणी म्हणेल दुसरा ठोका बसला, काडतूस फिरलं, म्हणून पेटल्या. बरं. म्हणून त्याच गोळ्यांचा नवीन डबा फोडून सगळाच त्याच्या रायफलमधून मारला. पन्नासच्या पन्नास. आता सांगा, गोळ्या खराब?

त्या दहा पुंगळ्या घरी आणल्या आणि भिंग घेऊन बसलो. प्रत्येकीच्या कडेवर दोन खुणा आहेत. एक त्याच्या पिनची, खोल, धारदार, चौकोनी खड्डा. दुसरी माझ्या पिनची, पितळावर नखाने ओरखडा काढावा एवढीच. शेजारी शेजारी! याच्यापुढे अजून काय पुरावा पाहिजे?

आणि मी रायफल पहिल्यांदा उघडली तेव्हाच हे कळायला हवं होतं. बोल्ट खोलला तर फायरिंग पिनच्या खाचेत कारखान्यातलं ग्रीस थिजलेल्या तुपासारखं बसलेलं. पिन त्या चिखलातून धावणार कशी? ते सगळं काढलं, सॉल्व्हंटने धुतलं, तेव्हा अर्ध्यावर आलं, पण गेलं नाही. कारण चेंबर आतून खरखरीत आहे, गोळी शेवटचा केसभर आत जातच नाही, बोल्ट पूर्ण मिटत नाही, आणि मग पिनचा सगळा जोर कड चेपण्याऐवजी गोळी पुढे ढकलण्यात वाया जातो. पुंगळ्या अडकतात त्याचंही मूळ तेच. या रेप्लिकेत बोल्टला कुलूप नसतं, बार झाला की पुंगळीच त्याला मागे ढकलते, स्प्रिंगपेक्षा तो धक्का थोडा जरी कमी पडला, पुंगळी चेंबरला घासत बाहेर आली, की बोल्ट पूर्ण मागे जातच नाही. त्यात पुंगळी ओढून काढणाऱ्या एक्स्ट्रॅक्टरचा आकडा गोलसर, पुंगळी धरतोच जेमतेम.

ग्रीस, चेंबर, एक्स्ट्रॅक्टर, हे सगळं मेलमध्ये फोटोसकट लिहून मागे एकदा रायफल कंपनीकडे पाठवली होती. शिपिंग माझं. पाच आठवड्यांनी परत आली, सोबत एक चिठ्ठी, 'तपासली, व्यवस्थित चालते.' कोणी तपासली? किती गोळ्या मारल्या? काही नाही, नुसती सही.

सगळ्यात जास्त चीड कशाची येते सांगू? खरी एम-वन कार्बाइन १९४२ ते १९४५ मध्ये साठ लाखांच्या वर बनली. आणि बनवली कोणी, तर टाइपरायटरवाल्या अंडरवुडने, आयबीएमने, ज्यूकबॉक्स बनवणाऱ्या रॉक-ओलाने! ज्यांनी आयुष्यात बंदूक बनवली नव्हती त्यांनी युद्धाच्या घाईत बनवली, आणि त्यातल्या कित्येक आजही चालतात. आणि आज कॉम्प्युटरवर चालणारी सीएनसी मशीन असताना यांना एक चेंबर गुळगुळीत करता येत नाही? बाहेरून स्लिंगचा पट्टा, लाकडाचा रंग, साइट, सगळं हुबेहूब, आणि आत बोट घातलं की कानस मारायची राहिलेली.

सोमवारी परत पाठवतोय. या वेळी त्या दहा पुंगळ्या पिशवीत घालून, प्रत्येकीवर मार्करने माझी खूण आणि मित्राची खूण दाखवून. आणि मेलच्या पहिल्याच ओळीत लिहिलंय की चेंबर आणि एक्स्ट्रॅक्टर दोन्ही बदला, आणि जाण्यायेण्याचं शिपिंग तुमचं, मी एक डॉलर भरणार नाही.