ग्रीन कार्ड नाही तर विल कशाला, म्हणे!

अमेरिकेतल्या आपल्या ग्रुप्सवर एक फॉरवर्ड फिरतोय. ग्रीन कार्ड नसेल तर इथे विल (मृत्युपत्र) चालत नाही, मुलं सिटिझन आहेत म्हणजे सगळं आपोआप त्यांचंच, इस्टेट टॅक्स (माणूस गेल्यावर त्याच्या मालमत्तेवरचा कर) फक्त गडगंज लोकांना, आणि कागद केले की इमिग्रेशनला पत्ता लागतो. मला तिसऱ्यांदा आला तेव्हा लिहायला बसले.

विल करायला व्हिसा कोणी विचारत नाही. १८ पूर्ण, डोकं ठिकाणावर आणि साक्षीदार स्टेटच्या नियमाप्रमाणे, बास. आणि ते इमिग्रेशनकडे जमा होत नाही, माणूस गेल्यावर प्रोबेट कोर्टात, म्हणजे मृत्युपत्रं बघणाऱ्या कोर्टात जातं.

आता ते "आपोआप". अहो, सहा वर्षांचं पोर सिटिझन असलं म्हणून घर विकणार आहे की इन्शुरन्सचा चेक घेणार आहे? तिथे कोर्ट कुणालातरी नेमतं, आणि तुम्ही नाव लिहून ठेवलं नसेल तर जज ठरवेल तो. शिवाय इन्शुरन्सचे पैसे विल बघून देतच नाहीत, पॉलिसीवर ज्याचं नाव त्याला जातात. आमच्या ह्यांच्या पॉलिसीवर लग्नाला सात वर्षं झाली तरी सासऱ्यांचंच नाव होतं, हे कळलं तेव्हा घरात जो काही सीन झाला तो जाऊ दे.

टॅक्सचं अर्धं खरं आहे. २०२६ मध्ये दीड कोटी डॉलरपर्यंत माफ, पण सिटिझन नसाल आणि डोमिसाइलही इथलं धरलं नाही तर अमेरिकेतल्या मालमत्तेवर माफी फक्त ६०,००० डॉलर. डोमिसाइल म्हणजे कायम राहायचा इरादा, नुसता व्हिसाचा शिक्का नाही, त्यामुळे एच-१बी (नोकरीचा व्हिसा) वाल्यांनी हे वकिलालाच विचारा. आणि नवरा-बायकोत अमर्याद माफी असते ती मागे राहणारा सिटिझन नसेल तर मिळत नाही, त्यासाठी वेगळा ट्रस्ट लागतो.

पण माझा खरा राग वेगळाच आहे. विल मेल्यावर चालतं हो! आई-बाप जिवंत आहेत पण इमिग्रेशनच्या डिटेन्शनमध्ये (कोठडीत) आहेत किंवा देश सोडावा लागलाय, तेव्हा मुलाला शाळेतून कोण आणणार, डॉक्टरकडे सही कोण करणार? त्याला पॉवर ऑफ अटर्नी (आपल्या वतीने काम करायचा लेखी अधिकार) आणि मुलांसाठीचे वेगळे कागद लागतात. कॅलिफोर्नियात नातेवाईक ‘मूल आमच्याकडे राहतं’ अशा लेखी शपथपत्रावर, म्हणजे केअरगिव्हर अ‍ॅफिडेव्हिटवर शाळा आणि औषधपाणी बघू शकतात, न्यूयॉर्क आणि मेरीलँडने तर २०१८ मध्ये स्टँडबाय गार्डियनच्या (आई-बाप नसतील तेव्हा मुलाला बघायला आधीच नेमून ठेवलेला पालक) कायद्यात इमिग्रेशनची अटक हे कारण घातलंय. आणि "मूल सिटिझन म्हणजे आपण सेफ" असं मनात असेल तर ते २१ चं होईपर्यंत आई-बापाला ग्रीन कार्डसाठी स्पॉन्सरसुद्धा करू शकत नाही.

मुलांच्या पासपोर्टचंही तेच, कागद आधीच हवेत. १६ च्या आतल्या मुलाला दोघांची संमती लागते, एक जण हजर नसेल तर डीएस-३०५३ हा संमतीचा फॉर्म नोटराइज करून. आमच्या धाकटीचा अजून राहिलाय, म्हणून शनिवारी दोघंही तिला घेऊन पोस्टात जातोय, दोघं समोर असलो की तो फॉर्म लागतच नाही.