रिफंड येण्याआधीच फोन कशाला?

प्राप्तिकराचा रिफंड हाती येतो म्हणून ‘फेब्रुवारी लागला की थकबाकीदारांना फोन वाढवा’ हा थकबाकी वसुलीवरच्या लेखातला सल्ला मुळातच चुकीचा वाटतो. अमेरिकेत ‘अर्न्ड इन्कम टॅक्स क्रेडिट’ ही करसवलत घेणाऱ्या कमी उत्पन्नाच्या कुटुंबांचा अख्खा रिफंड २०१५च्या पाथ कायद्यानुसार फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत रोखून ठेवतात. ज्यांच्याकडून वसुलीची आशा, त्यांच्याच खात्यात तेव्हा काही नसतं! शिवाय वसुली एजन्सीने एका कर्जापायी सात दिवसांत सातपेक्षा जास्त फोन केले तर तो छळ धरला जातो, हा २०२१पासूनचा नियम लेखात नाहीच.

न्यू जर्सीत एका दंतवैद्याकडे मी बिलिंग सांभाळायचे. जानेवारीतच साधं पत्र पाठवायचे: बाकी किती, हप्ते कसे पाडता येतील. रिफंड आला की त्यातून भाडं, गाडीची दुरुस्ती भागवून मार्चमध्ये कितीतरी जण आपणहून फोन करत.