एकदांडीचा रस आणि भाजलेला हात: एका फॉरवर्डला उत्तर

सोलापुरातल्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर फिरणारा मजकूर थोडक्यात असा: ‘भाजलं की लगेच एकदांडीचा, म्हणजे दगडी पाल्याचा रस लावा. उंदरांवर सिद्ध झालंय. डॉक्टरांच्या पांढऱ्या मलमापेक्षा जखम लवकर भरते, डाग राहत नाही. झाडपाला आहे, अपाय शून्य.’

‘उंदरांवर सिद्ध झालंय.’ या पाल्याच्या अर्काच्या चाचण्या उंदरांवर झाल्या आहेत, जखम लवकर भरल्याचं काहींत दिसलंही. पण अशी चाचणी होते कशी? दीडशे-दोनशे ग्रॅमच्या उंदराला भूल देऊन पाठीवरचे केस काढतात आणि तापवलेला धातूचा ठोकळा मोजून काही सेकंद टेकवतात. तापमान, दाब, वेळ यांत जरा चूक झाली की एका गटाची जखम उथळ, दुसऱ्याची खोल. मग फरक औषधाचा की चटक्याचा, कळत नाही. पिंजऱ्यात एकेकटा उंदीर ठेवावा लागतो, नाहीतर ते एकमेकांच्या जखमा कुरतडतात. अर्काविना नुसतं मलम लावलेला गटही हवाच, कारण जखम ओलसर राहिली एवढ्यानंही ती लवकर भरते.

हे सगळं चोख केलं तरी खरी अडचण पुढेच आहे. उंदराच्या कातडीला खालून स्नायूचा पातळ थर असतो. तो बटव्याची नाडी ओढावी तशी जखम मिटवतो. माणसाची भाजलेली जखम मुख्यतः कडेनं आणि केसांच्या मुळांपासून नवी कातडी पसरून भरते. उंदराच्या तक्त्यात ‘८० टक्के आकसली’ हे यश असतं. माणसाच्या बोटावरची खोल जखम तशी आकसली, तर बोट वाकडं होतं.

‘रस लावा.’ चाचणीत बहुधा अर्काचं मलम असतं, रस नव्हे. १०० ग्रॅम मलमात ५ ग्रॅम अर्क, आणि सुक्या पाल्यातून १० टक्के अर्क निघाला असं धरलं, तर त्या ५ ग्रॅमला ५० ग्रॅम सुका पाला लागतो, म्हणजे साधारण पाव किलो ओला. मूठभर पाला वाटून ना ते प्रमाण येतं, ना ती स्वच्छता.

‘पांढऱ्या मलमापेक्षा.’ ते मलम म्हणजे १ टक्का सिल्व्हर सल्फाडायझीन. ते जंतू रोखायला वापरतात. नवी कातडी येण्याचा वेग ते उलट मंदावतं. त्याला हरवणं म्हणजे बैलगाडीशी शर्यत जिंकणं.

‘डाग राहत नाही.’ वरवरची जखम दोनेक आठवड्यांत एरवीही बहुधा डागाविना भरते, श्रेय पाल्याला जातं. तीन आठवड्यांनंतरही न भरणारी जखम सहसा व्रण सोडते. अशा जखमेला त्वचारोपण लागू शकतं.

‘लगेच.’ सगळ्यात घातक शब्द हा. पाला शोधण्यात जाणारी वेळ पाण्याची आहे: गार पाणी, २० मिनिटं, तीन तासांच्या आत. बर्फ नको. सोलापुरात मे महिन्यात टाकीचं पाणीच चटका देतं आणि नळ रोज येत नाही, म्हणून माठातलं पाणी स्वच्छ परातीत ओतून हात बुडवून ठेवा, कोमट झालं की बदला. सूज चढण्याआधी बांगड्या-अंगठ्या काढा. नंतर धुतलेलं सुती कापड सैल गुंडाळा. फोड फोडू नका.

‘अपाय शून्य.’ एकदांडी बांधावर, रस्त्याकडेला उगवते. पाल्यासोबत मातीतले जंतू येतात, धनुर्वाताचेही. शिवाय हिरव्या लेपाखाली जखम लाल आहे, पांढरट आहे की काळी, हे दिसत नाही, आणि जखम किती खोल आहे हे बऱ्याच अंशी त्यावरूनच ठरतं. तो लेप काढताना रुग्ण किंचाळतो.

चेहरा, हात, सांधे किंवा गुप्तांग भाजलं, किंवा जखम रुग्णाच्या स्वतःच्या बोटांसकट तळव्यापेक्षा मोठी असली (तेवढा तळवा म्हणजे अंगाचा सुमारे १ टक्का), तर थेट सिव्हिल, नाहीतर १०८. पाला आधीच लावला असेल तर खरवडू नका. वरून पाणी सोडा, आणि काय लावलं, केव्हा लावलं, ते डॉक्टरांना आधी सांगा.