चाचे कोळी कुठे गेले?

नमस्कार. तुमचा आक्षेप असा: जुन्या लेखात मी चाचे कोळी (आठ पायांच्या कोळ्यांचं एक कुळ, शास्त्रीय नाव मिमेटिडी) पेलिकन कोळ्यांच्या गोटात बसवले, नव्या लेखात त्यांना जाळेवाल्यांच्या, म्हणजे जाळी विणणाऱ्या कोळ्यांच्या, पंगतीला नेलं आणि मध्ये काय घडलं ते सांगितलंच नाही. वर तुमचा टोला: ‘डीएनएवाले आले की सगळं उलटंपालटं, म्हणजे वर्गीकरण हे नुसतं मतच ना?’

पहिला ठपका मान्य. जुन्या लेखाखाली टीप द्यायला हवी होती; ती आज दिली आहे. टोला मात्र मान्य नाही.

१९८४ साली फॉर्स्टर आणि प्लॅटनिक या कोळीतज्ज्ञांनी पाल्पिमॅनॉइडिया हा गट (पेलिकन कोळ्यांचा गोट तो हाच) बराच ऐसपैस केला आणि चाचेही त्यात घेतले. मुख्य आधार होता जबड्यावरच्या खुंटीसारख्या दातांचा. दात आपले म्हणायला. एरवी कोळ्यांचे दात म्हणजे कवचालाच फुटलेले उंचवटे, आणि हे मात्र मुळाशी खोबणीत बसलेले जाड केस. इतकी विचित्र गोष्ट दोनदा घडेल असं कुणाला वाटणार? मलाही वाटलं नव्हतं. त्यात पेलिकन कोळी आणि चाचे दोघेही इतर कोळ्यांची शिकार करतात, त्यामुळे नातं अधिकच पटलं. (खरं तर तिथेच कान टवकारायला हवे होते. शिकार एकच असली की हत्यारंही सारखी होऊ शकतात.)

आता डीएनएचं. २००० मध्ये शूट या कोळी-अभ्यासकांनी शरीररचनेवरूनच दाखवलं होतं, की चाचे आणि त्यांच्यासोबतची काही कुळं जाळेवाल्यांकडे जातात. शंका घरातूनच आली होती, बाहेरून नव्हे. २०१२ मध्ये वुड आणि सहकाऱ्यांनी शरीररचना व डीएनए एकत्र तपासले, तेव्हा त्या ऐसपैस गटातली पाच कुळं एकत्र टिकली: आर्किइडी (म्हणजे पेलिकन कोळी), मेसिस्मॉकेनिइडी, हटोनिइडी, पाल्पिमॅनिडी आणि स्टेनोकिलिडी. याला ‘सगळं उलटंपालटं’ कसं म्हणायचं? बाहेर पडलेल्या कुळांपैकी पॅरार्किइडी २०१७ मध्ये मालकॅरिडीत विलीन झालं, होलार्किइडी अ‍ॅनापिडीत; ही दोन्ही जाळेवाल्यांकडचीच कुळं.

नुसतं मत असतं तर ते खोडून काढता आलं नसतं. फॉर्स्टर आणि प्लॅटनिक यांनी कोणत्या खुणेवर गट बांधला ते स्पष्ट लिहिलं होतं, म्हणूनच त्या खुणेवर बोट ठेवता आलं.

‘पुढच्या वर्षी हेही बदलणार का?’ असंही तुम्ही विचारलंय. या पाच कुळांत आपसात कोण कुणाच्या जवळचं, यावर मी पैज लावणार नाही. चाचे पेलिकन कोळ्यांकडे परत जाणार नाहीत, यावर मात्र लावतो.