‘सनावळ्या कशाला?’ या फॉरवर्डला उत्तर

दहावीच्या निकालाच्या सुमारास खानदेशातल्या ग्रुपांवर एक मजकूर फिरतो: इतिहास म्हणजे घोकंपट्टी, सगळं गूगलवर आहे, नोकरीत उपयोग शून्य, 40 गुणांचा हा पेपर बंदच करा.

‘घोकंपट्टी.’ लिहिणाऱ्याने राज्य मंडळाचं दहावीचं पुस्तक उघडलेलं दिसत नाही. त्याची सुरुवातच इतिहास लिहितात कसा, इथून होते. वर्गात तेही पाठ करून घेतात हे खरं, पण तो दोष शिकवण्याचा.

‘गूगलवर आहे.’ आकडा मिळेल, पण तो तपासायचा कसा? चाळीसगावजवळच्या पाटण्याचा शिलालेख घ्या. भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी त्यांचा नातू चांगदेव याने मठ काढला, त्याचा हा लेख. त्यात शके 1128 आहे. इसवी सनासाठी 78 मिळवले की 1206 येतं, आणि तेवढ्यावर थांबलं की फसगत होते. कारण लेखात प्रभव संवत्सरही दिलंय. संवत्सर म्हणजे वर्षाचं नाव; ही नावं 60 वर्षांनी फिरून येतात. अलीकडचं प्रभव 1987 च्या पाडव्याला लागलं. त्यातून 13 × 60 म्हणजे 780 वजा करा: 1207. मग खरं कोणतं? लेखात श्रावणी पौर्णिमेचं चंद्रग्रहण नोंदलंय. ग्रहणाला कोरणाऱ्याची चूक लागत नाही, ते गणिताने काढता येतं. 9 ऑगस्ट 1207 ला ते बसतं. म्हणजे शकाचा आकडा एकाने कमी पडला. नववीच्या पोराला हे कागदावर जमतं (ग्रहणाचा तक्ता तेवढा हाती द्यावा लागेल).

‘नोकरीत उपयोग नाही.’ राखीव जागेसाठी जात पडताळणी लागतेच. त्यासाठी अनुसूचित जमातीला 6 सप्टेंबर 1950, इतर मागासवर्गाला 13 ऑक्टोबर 1967 च्या आधीचा पुरावा दाखवावा लागतो. आता शहाद्याच्या आजोबांची नोंद ‘जिल्हा नंदुरबार’ म्हणून शोधाल तर हात हलवत परत याल: तो जिल्हा 1 जुलै 1998 ला धुळ्यातून निघाला. 1906 मध्ये खानदेशाचे दोन जिल्हे झाले, त्यामुळे जुन्या कागदावर ‘पश्चिम खानदेश’ असणार. कोतवाल बुकातली (गावच्या जन्म-मृत्यूच्या जुन्या वहीतली) नोंद मोडी लिपीत असली तर आणखी पंचाईत. मोडीत ऱ्हस्व-दीर्घ वेगळे नसतात, शब्दही तोडून लिहीत नाहीत. नाव आणि आडनाव कुठे सुटतं ते चुकलं की नोंद दुसऱ्याचीच वाटते. म्हणून लिप्यंतरासोबत मूळ पानाची प्रतही घ्यावी, आणि त्याच पानावरच्या भाऊबंदांच्या नोंदी ताडून पाहाव्यात.